किनाऱ्यावर जुन्या जहाजाचं काही सापडलं, तर कुठल्या क्रमाने काय करायचं

मला येणाऱ्या फोटोंमध्ये एक फोटो ठरलेला असतो. गॅलरीत उन्हात ठेवलेला काळाभोर लाकडी ठोकळा, खाली वर्तमानपत्र, शेजारी तारेचा ब्रश. सोबत प्रश्न: ‘समुद्रकिनारी सापडलं, जहाजाचं वाटतंय. पॉलिश कुठलं मारू?’ फोटो मोठा करून पाहिला की ठोकळ्याच्या टोकाला तडे दिसतात, आणि मग सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

पाठवणारा लबाड नसतो, बेफिकीरही नसतो. त्याचा क्रम चुकलेला असतो. आधी उचललं, मग नळाखाली घासून धुतलं, मग वाळवलं, मग फोटो काढला. आणि कुणी विचारल्यावर नेमकं कुठे सापडलं ते आठवायला बसला. हा क्रम जवळजवळ शेवटापासून उलटा करायचा आहे.

हा लेख किनाऱ्यावर भटकणाऱ्यांसाठी, मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्यांसाठी, हौशी डायव्हरसाठी आणि जाळ्यात मासळीऐवजी भलतंच काही आलेल्या मच्छीमारांसाठी आहे. मुद्दाम खणून अवशेष काढायचा बेत असेल, तर ते परवाना असलेल्या पथकाचं काम. त्याची कृती इथे मिळणार नाही.

## तयारी: घरातून निघण्यापूर्वी

दोन गोष्टी आधीच शोधून ठेवा. त्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर चालवायला परवानगी लागते का, आणि काही सापडलं तर खबर कोणाला द्यायची. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजाची वस्तू उचलली की ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला २८ दिवसांत कळवावं लागतं. भारतात जमिनीत दडलेल्या १० रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला द्यायची असते. तुम्ही जिथे आहात तिथला नियम वाचा आणि संबंधित कार्यालयाचा नंबर फोनमध्ये साठवा. वस्तू हातात आल्यावर नंबर शोधायला बसलेला माणूस सहसा आधी मित्रांना फोन करतो.

सोबत घ्यायचं सामान फार नाही: ३० मीटरची मोजपट्टी, सेंटिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, वही, पेन्सिल, झाकणाचे दोन-तीन प्लास्टिकचे डबे, जाड पिशव्या, एक सपाट फळी किंवा ट्रे, स्वयंपाकघरात वापरतात तो पातळ प्लास्टिकचा रोल. पेन्सिलच घ्या. ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते, पेन्सिलीची रेघ टिकते. शिवाय झाकणाचा एक पत्र्याचा डबाही ठेवा. तो कशाला हे पुढे येईलच.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. उधाणानंतरची मोठी ओहोटी आणि वादळानंतरचे एक-दोन दिवस, याच वेळी वाळू हटून खालचं काही वर येतं. त्याच वेळी समुद्र सगळ्यात कमी भरवशाचा असतो.

आता फोनमधली एक सेटिंग, जी बहुतेकांची चुकलेली असते. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत दिसतील असं करा आणि दशांश चिन्हानंतर ५ आकडे लिहा. अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. १ सेकंद म्हणजे साधारण ३१ मीटर. दशांश अंशांत ३ आकडे लिहिले तर तुमची खूण सुमारे १११ मीटरच्या टप्प्यात कुठेही असू शकते, ४ आकड्यांना ११ मीटर, ५ आकड्यांना जेमतेम १ मीटर. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन चार-पाच मीटरची चूक करतोच. त्यामुळे ८ आकडे लिहून काही साधत नाही, पण ३ आकडे लिहून आलात तर शोधणाऱ्या पथकाला अख्खी पुळण पालथी घालावी लागेल.

डिटेक्टरवाल्यांसाठी एवढंच: ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून साधं यंत्र तिथे सतत खोटे आवाज देतं. सेन्सिटिव्हिटी वाढवून खड्डे खणत सुटू नका. ती कमी करा, किंवा पल्स इंडक्शन प्रकारचं यंत्र वापरा.

तपासा: नंबर साठवला? वेळापत्रक पाहिलं? दशांशानंतर ५ आकडे? मग निघा.

## टप्पा १: हात मागे, आधी धोका ओळखा

काहीतरी दिसलं की हात आपसूक पुढे जातो. तो थांबवा आणि वस्तूकडे तीन पावलांवरून पाहा.

नळकांडं, शेपटीला पंख असलेलं काही, काडतूस, टोकदार धातूचा दंडगोल: हात लावू नका, मागे फिरा, पोलिसांना कळवा. समुद्रात पडलेला दारूगोळा पाण्याने निकामी होतो हा समज जीवघेणा आहे. जुना तोफगोळाही आतून पोकळ असू शकतो आणि पोकळीत दारू असू शकते.

भरीव तोफगोळ्याचीही एक खोड आहे. बिडाचा गोळा शतकानुशतकं समुद्रात राहिला की त्यातलं लोखंड गंजून जातं आणि ग्रॅफाइटची सच्छिद्र जाळी उरते. बाहेर काढून वाळू दिला की हवेतला ऑक्सिजन आत शिरून उरलेल्या लोखंडाशी अभिक्रिया करतो आणि गोळा आपला आपण तापतो. हे ओल्या वाळूत पडलेल्या गोळ्याकडे पाहून कळत नाही.

पत्र्याचा डबा यासाठी: युरोपातल्या बाल्टिक किनाऱ्यावर लोक अंबरचे, म्हणजे दगड झालेल्या जुन्या राळेचे, पिवळसर खडे वेचतात. महायुद्धातल्या आगलाव्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस तिथे अगदी तशाच खड्यांच्या रूपात वाहून येतो. ओला असेपर्यंत तो गप्प राहतो. खिशात घातला, वाळला आणि अंगाची ऊब लागली की पेटतो. असे भाजलेले लोक तिथे आहेत. म्हणून किनाऱ्यावर वेचलेलं काहीही, कुठल्याही देशात, खिशात घालायचं नाही; असे खडे पत्र्याच्या डब्यात.

हाडं दिसली आणि ती माणसाची असू शकतील असं वाटलं, तरीही पोलीसच. जुनी की नवी हे तुम्ही ठरवायचं नाही.

इशारा: समुद्राकडे पाठ करून वाकू नका. ओहोटी केव्हा उलटते ती वेळ फोनवर गजर लावून ठेवा.

## टप्पा २: जागेची नोंद, वस्तूला न हलवता

बहुतेक जण हा टप्पा दोन मिनिटांत उरकतात. त्याला अर्धा तास द्या.

खिळ्याची किंमत खिळ्यात नसते. तो कुठल्या फळीत, कुठल्या बाजूने, शेजारच्या खिळ्यापासून किती अंतरावर होता यावरून जहाज कोणत्या पद्धतीने बांधलं होतं ते कळतं. फळ्यांच्या कडा खाचा आणि त्यांत बसवलेल्या लाकडी चाव्यांनी जोडल्या आहेत, दोरीने शिवल्या आहेत, की आतल्या सांगाड्यावर लाकडी मेखांनी ठोकल्या आहेत, यावर काळ आणि मुलूख ठरतो. खिळा उपटून घरी आणला की हातात राहतं गंजकं लोखंड.

फोटो या क्रमाने काढा. पहिला लांबून, ज्यात मागचा कडा, दीपस्तंभ, इमारत असं न हलणारं काही येईल. दुसरा आठ-दहा पावलांवरून. तिसरा जवळून, पट्टी शेजारी ठेवून, कॅमेरा वस्तूच्या बरोबर वर काटकोनात धरून. चौथा तसाच, पट्टी काढून. पट्टी वस्तूच्या पातळीवर ठेवा. वस्तू वाळूतून वीतभर वर आलेली आणि पट्टी खाली वाळूवर, असा फोटो मापाला निरुपयोगी ठरतो. नाणं किंवा चावी ठेवून काढलेला फोटो नसण्यापेक्षा बरा, पण कुठलं नाणं ते लिहा.

अवशेष मोठे असतील तर भोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून बराच जास्त भाग येईल असे पन्नास-साठ फोटो काढा. अशा फोटोंवरून तज्ज्ञ पुढे संगणकात त्रिमितीय नमुना बनवू शकतात. व्हिडिओ हा त्याला पर्याय नव्हे.

मग मोजपट्टी. फोनच्या जीपीएसला चार-पाच मीटरची चूक असते हे वर आलंच. मोजपट्टीने ती काही सेंटिमीटरवर येते. न हलणारे दोन बिंदू निवडा. समजा अ म्हणजे धक्क्याचा कोपरा आणि ब म्हणजे कातळावरची लोखंडी कडी. आधी अ ते ब मोजा: २०.०० मीटर. मग अ पासून वस्तू: १४.३५. ब पासून वस्तू: ११.८०. घरी कागदावर दोन वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तिथे वस्तू.

इथे हमखास होणारी चूक अशी, की दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. एक बिंदू अ-ब रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला येतो, दुसरा जमिनीकडच्या. वहीत ‘समुद्राकडे’ हा एक शब्द नसेल तर नोंद अर्धी राहिली. मी स्वतः एकदा तीन फळ्यांची मापं घेऊन आलो होतो, आकडे सेंटिमीटरपर्यंत चोख, आणि बाजू लिहिली नव्हती. तिसऱ्या बिंदूपासूनही एक माप घ्या, म्हणजे चूक आपोआप पकडली जाते. आणि दोन्ही पट्ट्या वस्तूपाशी साधारण काटकोनात मिळाव्यात असे बिंदू निवडा. पट्ट्या जवळजवळ एकाच दिशेने जात असतील तर थोडीशी चूक फार मोठी होते.

चित्र काढता येत नाही म्हणून अडू नका. तुर्कस्तानात १९८२ मध्ये मेहमेत चाकिर या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याने तळाशी पाहिलेल्या वस्तूंचं वर्णन ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ असं केलं. एवढ्यावरून पुरातत्त्वज्ञांनी ओळखलं की ते कांस्ययुगातले तांब्याचे ठोकळे आहेत. तिथल्या उलुबुरुनजवळचं ते जहाज इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरचं निघालं, पोटात सुमारे १० टन तांबं घेऊन. चाकिरने ओळखायचा प्रयत्न केला नाही, दिसलं तसं सांगितलं. तुम्हीही ‘पोर्तुगीज तोफ’ असं लिहू नका. ‘नळीसारखं, एक टोक जाड, लांबी १.४० मीटर, वर शिंपले चिकटलेले’ असं लिहा.

### पाण्याखाली असाल तर

खोली आणि घड्याळातली वेळ दोन्ही लिहा. वेळेशिवाय खोलीला अर्थ नाही, कारण भरतीचा फरक वजा करता येत नाही. पाण्यात काही मीटर गेलं की लाल रंग नाहीसा होतो, म्हणून दिवा वापरा, नाहीतर तांबं आणि लोखंड फोटोत सारखंच दिसेल. पंखांनी गाळ उडवू नका, अवशेषांना धरून तोल सावरू नका. वर आल्यावर जमिनीवरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत येतात का ते पाहून दोन दिशांच्या रेषा लिहा. मच्छीमार आपली मासेमारीची जागा अशीच लक्षात ठेवतात. तिथे खुणेचा बोया सोडून येऊ नका. बोया पाहून दुसरी बोट येते आणि तिचा नांगर नेमका अवशेषांवर पडतो.

### जाळ्यात आलं असेल तर

तुमच्याकडे बिंदू नाही, रेषा आहे. जाळं जिथे टाकलं आणि जिथे ओढलं त्या दोन्ही जागा आणि वेळा लिहा. दक्षिण कोरियात तेआनजवळ २००७ मध्ये एका मच्छीमाराने पकडलेल्या ऑक्टोपसने सेलाडॉनची, म्हणजे हिरवट झिलईच्या भांड्यांतली, एक बशी कवटाळलेली होती. त्याने कळवलं, जागा सांगता आली, आणि खाली बाराव्या शतकातलं जहाज निघालं. त्यातून २० हजारांहून अधिक भांडी वर आली. बशी धुऊन घरात मांडली असती तर ती एक बशीच राहिली असती.

तपासा: अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, चार फोटो, तीन मापं, बाजू, वर्णन. एक जरी नसेल तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: उचलायचं का?

उत्तर ‘नाही’ असं धरून चाला. गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही म्हणून लाकूड आणि दोर शतकं टिकतात. वर काढलेल्या क्षणापासून ते घड्याळ वेगाने धावू लागतं. वादळाने उघडे पडलेले सांगाडे बरेचदा थोड्याच दिवसांत वाळूने पुन्हा झाकले जातात, आणि ते झाकलं जाणं हीच त्यांची सुरक्षा असते. मोठं लाकूड उघडं पडलं असेल तर त्यावर ओली वाळू ओढा आणि कळवा.

उचलायला कारण एकच: छोटी सुटी वस्तू वाळूच्या वर मोकळी पडली आहे, पुढच्या भरतीत वाहून जाईल, आणि फोनवर संबंधित माणसाने उचलायला सांगितलं आहे. फोन लागला नाही, नियम माहीत नाही, तर नोंद घेऊन परत फिरा. कशात रुतलेली, चिकटलेली, खिळलेली वस्तू सुटी नसते. हलवून पाहून सुटी ‘करायची’ नाही.

खजिन्याच्या आशेने आलेल्यांसाठी एक खरी गोष्ट. १८०४ मध्ये बुडालेल्या ‘नुएस्त्रा सेन्योरा दे लास मेर्सेदेस’ या स्पॅनिश युद्धनौकेतून एका अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये सुमारे १७ टन नाणी काढली. जवळजवळ ६ लाख नाणी, विमानाने अमेरिकेत नेलेली. स्पेन कोर्टात गेला. अमेरिकी न्यायालयाने निकाल स्पेनच्या बाजूने दिला आणि २०१२ मध्ये नाणी परत गेली, काढण्याचा खर्च कंपनीच्या अंगावर पडला. युद्धनौका दोनशे वर्षं तळाशी असली तरी ती ज्या देशाची त्याचीच राहते, हा त्या निकालाचा आधार. शिवाय युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार १०० वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेले माणसाच्या वावराचे अवशेष सांस्कृतिक वारसा ठरतात आणि त्यांचा व्यापारासाठी वापर करता येत नाही. सगळ्या देशांनी त्यावर सह्या केलेल्या नाहीत, पण ‘ज्याला सापडलं त्याचं’ हा नियम जवळजवळ कुठेच नाही.

## टप्पा ४: उचलताना

वस्तू जितकी धडधाकट दिसते तितकी नसते. लाकूड बाहेरून टणक वाटतं आणि बोट रुततं. बिडाची वस्तू चाकूने कापता येईल इतकी मऊ असू शकते. म्हणून कान, मूठ, कड धरून उचलायचं नाही. बाजूने ट्रे सरकवा आणि खालच्या वाळूसकट उचला. मडक्यासारखं पोकळ काही असेल तर आतली वाळू तशीच राहू द्या. आतल्या गाळात बिया, डांबर, माशांची हाडं, काहीही असू शकतं आणि एखादे वेळी ते मडक्याहून जास्त सांगतं.

डब्यात त्याच जागचं समुद्राचं पाणी भरा, वस्तू पूर्ण बुडवा, झाकण लावा. डब्यात मावत नाही अशी फळी असेल तर ओल्या कापडात गुंडाळून वर प्लास्टिकच्या रोलचे चार-पाच वेढे द्या. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून वेगळ्या छोट्या पिशवीत घालून डब्यातच टाका. झाकणावर लिहिलेलं झाकणाबरोबर जातं.

## टप्पा ५: ओलं ते ओलंच

नळाखाली धरायचं नाही, पुसायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. याचं कारण नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप पाळलं जातं, म्हणून थोडं थांबतो.

शेकडो वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडातलं सेल्युलोज जीवाणूंनी खाल्लेलं असतं. उरतो लिग्निनचा पातळ सांगाडा आणि त्यात भरलेलं पाणी. लाकडाचा आकार त्या पाण्याच्या आधाराने उभा असतो. पाणी उडू लागलं की त्याचा पृष्ठताण पेशींच्या भिंती आतल्या बाजूला ओढतो आणि पेशी चपट्या होतात. नंतर कितीही भिजवा, त्या परत फुगत नाहीत.

एका कार्यशाळेत आम्हाला नोंद नसलेल्या, टाकून द्यायच्या ओल्या लाकडाचा बोटाएवढा तुकडा दिला होता: टेबलावर ठेवा आणि बघत बसा. पहिल्या तासात फक्त चमक गेली, काळा रंग राखाडी दिसू लागला. काही होत नाहीये असंच वाटत होतं. दुपारी नखाने जाणवेल अशी बारीक चीर आली, रेषांना आडवी. ताजं लाकूड कधी असं आडवं तडकत नाही. संध्याकाळपर्यंत चिरांचे चौकोन झाले, चुलीतल्या कोळशावर पडतात तसे. सकाळी तुकडा केळीसारखा वाकला होता आणि हातात बुचासारखा हलका लागला. आम्ही तो पुन्हा पाण्यात टाकला. तो तरंगला.

स्वीडनचं ‘वासा’ १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं, आणि लाकडातल्या पाण्याची जागा पॉलिएथिलिन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाने घ्यावी म्हणून त्यावर १७ वर्षं फवारा चालू ठेवला. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ १९८२ मध्ये वर आलं. त्यावरचे फवारे २०१३ मध्ये बंद झाले. तुमची बादली हा उपचार नाही. उपचार सुरू होईपर्यंत वेळ मिळवणं एवढंच तिचं काम.

लाकूड, चामडं, दोर, कापड: बुडवून, अंधारात, थंड जागी. फ्रिज चालतो, फ्रीझर मुळीच नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

लोखंड: समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यातले क्लोराइड लोखंडात खोलवर मुरलेले असतात. वाळलं की पृष्ठभागावर नारिंगी थेंब येतात, लोखंडाला घाम फुटल्यासारखे, मग पापुद्रे सुटतात, मग तुकडे. ते क्लोराइड बाहेर काढायला प्रयोगशाळेत महिने किंवा वर्षं लागतात. खारट पाण्यातही लोखंड गंजत राहतं, म्हणून कळवताना पहिल्या वाक्यात ‘लोखंड आहे’ असं सांगा.

तांबं, पितळ, कांसं: वाळल्यावर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर ती शोभेची झिलई नव्हे, चालू असलेला रोग आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोला यांतलं काही लावू नका.

चांदी: काळी पडलेली किंवा नाण्यांचा एकच गठ्ठा झालेला असतो. नाणी सुटी करू नका.

शिसं: लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, त्यांतून सुटणारी आम्लाची वाफ शिशाला खाते.

मातीची भांडी आणि काच: मातीत मुरलेलं मीठ वाळताना स्फटिक बनतं आणि झिलई उडवतं. काचेवरचे इंद्रधनुषी पापुद्रे ही घाण नसून काचच असते. ते पुसले की तेवढी काच गेली.

सोनं तेवढं कशालाच दाद देत नाही. त्यालाही घासू नका, ते मऊ असतं.

इशारा: दोन वेगळे धातू एका डब्यात ठेवू नका, खाऱ्या पाण्यात त्यांची बॅटरी बनते आणि एक धातू दुसऱ्याच्या जिवावर टिकतो. वस्तू बुडवायचा डबाही धातूचा नको.

## टप्पा ६: खडकासारखा गोळा फोडू नका

ओबडधोबड, शिंपले चिकटलेला, गंजाचे डाग असलेला आणि आकाराच्या मानाने जड किंवा उलट हलका दगड दिसला, तर तो दगड नसेल. गंजणाऱ्या लोखंडाभोवती चुनखडी, वाळू आणि कवचं घट्ट बसतात आणि कवच तयार होतं. पुष्कळदा आतलं लोखंड पूर्ण नाहीसं झालेलं असतं आणि मागे राहतो त्याचा हुबेहूब साचा: कुऱ्हाडीच्या, चावीच्या, कुलपाच्या आकाराची पोकळी. जाणकार आधी एक्स-रे काढतात, मग त्या पोकळीत इपॉक्सी हे घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य ओततात आणि कवच काढून टाकतात. वस्तू परत मिळते, जिच्यातला एक कणही उरला नव्हता. हातोडीचा एक घाव घातलात तर हातात चुन्याचे तुकडे.

ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून आलेला गंजलेला गोळा संग्रहालयात दुर्लक्षित पडून होता. १९०२ मध्ये त्यात दातेरी चाक असल्याचं लक्षात आलं. पण आत दडलेली बरीचशी अक्षरं वाचायला २००५ चा सीटी स्कॅन यावा लागला. 

## टप्पा ७: कळवणं

त्याच दिवशी. ‘आधी थोडी माहिती काढतो, मग कळवतो’ यात आठवडे जातात. मजकूर लांब नको, असा पुरे:

‘लोखंड असलेली वस्तू सापडली आहे. तारीख, वेळ, ओहोटीची स्थिती. अक्षांश-रेखांश, ५ दशांश, फोनवरून. अ आणि ब बिंदूंपासूनची मापं, वस्तू रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला. लांबी, रुंदी, वर्णन. उचलली आहे किंवा नाही. उचलली असल्यास कोणाच्या सांगण्यावरून. सध्या समुद्राच्या पाण्यात, प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत. स्वच्छ केलेली नाही. फोटो जोडले आहेत.’

‘स्वच्छ केलेली नाही’ हे वाक्य वाचून पलीकडचा माणूस सुटकेचा श्वास सोडतो. केली असेल तर तेही सांगा, काय लावलं त्यासकट. लाज वाटून लपवलेल्या व्हिनेगरमुळे पुढचा उपचार चुकू शकतो.

पोचपावती येईपर्यंत समाजमाध्यमांवर काही टाकू नका. टाकायचंच असेल तर फोटोतली जागेची माहिती काढून टाका आणि मागचा कडा, दीपस्तंभ दिसणार नाही असा फोटो निवडा. गावाचं नाव लिहिलं नाही तरी मागच्या दोन टेकड्यांवरून जागा हुडकणारे लोक आहेत, आणि ते रात्री फावडी घेऊन येतात.

उत्तर यायला दिवस लागले तर डब्यातलं पाणी कमी झालंय का एवढं रोज पाहा. पाणी बदलण्याचा, गोडं पाणी मिसळण्याचा, ब्लीच घालण्याचा निर्णय स्वतः घेऊ नका. ऐन वेळी पाणी संपलं तर त्याच किनाऱ्याचं आणा.

## टप्पा ८: पुढच्या ओहोटीला पुन्हा एक चक्कर

हे कोणीच करत नाही, आणि पथकाला मात्र हवं असतं. त्याच जागांवर उभं राहून तेच फोटो पुन्हा काढा. वाळू किती चढली किंवा उतरली ते एखाद्या ठरलेल्या दगडावर मोजा. नवीन लाकूड उघडं पडलं असेल तर टप्पा १ पासून सुरुवात, जुन्या नोंदीत भर न घालता नवी नोंद. सगळं वाळूखाली गेलं असेल तर तारीख लिहा, फोटो काढा आणि उकरून न बघता परत या.